मोतीराम साहेबांची मॅट स्क्रीन

पिकाची माहिती

"ग्लॉसी घेशीन तं पाय घसरन," समोरच्या घरातले किसनराव म्हणाले.

लॅपटॉपवर पाय ठेवायचा नसतो, हे मोतीराम साहेबांनी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. किसनरावांनी मागच्या उन्हाळ्यात घरात चकचकीत फरशी बसवली होती आणि तिच्यावरून त्यांचे व्याही बैठकीतून थेट न्हाणीपर्यंत गेले होते, तेही हातात चहाची बशी तशीच धरून. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही चकचकीत वस्तूवर बोलायचा अधिकार आपल्याला आहे असं किसनराव मानत. अमडापुरात असे अधिकार एकदा मिळाले की कोणी काढून घेत नाही.

विषय अर्पिताच्या लॅपटॉपचा होता. अर्पिता ही मोतीराम साहेबांची एकुलती लेक, बीएस्सी ॲग्री झालेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं होतं. शेतकरी मोबाईलवर पानाचा फोटो काढून पाठवणार आणि अर्पिता तो पाहून रोग सांगणार. नोकरी दिवाळीपर्यंत कच्ची, मग पक्की. आणि सगळी गोम इथंच होती. अन्नपूर्णाबाईंच्या, म्हणजे अर्पिताच्या आईच्या, भावानं डोणगावचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मायलेकीत तह झाला होता. नोकरी पक्की झाली तर लग्नाचा विषय अर्पिता काढेल तेव्हाच निघेल, आणि कच्चीची पक्की झाली नाही तर दिवाळीनंतर डोणगावचे लोक पोहे खायला येतील. पोहे कोण करणार, हेसुद्धा ठरलं होतं.

अडचण एवढीच की घरात रेंज नव्हती. रेंज होती गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून. म्हणून तिथं टिनाचं छप्पर टाकलं, खाली टेबल ठेवलं. तिन्ही बाजू उघड्या, त्यामुळे उजेड पाहिजे तेवढा आणि नको तेवढाही. चिखलीच्या दुकानदाराला फोन केला तेव्हा त्यानं विचारलं, "स्क्रीन कोणती देऊ? ग्लॉसी का मॅट?" ग्लॉसीवर रंग खुलून दिसतात, पण उजेडात तिचा आरसा होतो. मॅटचा आरसा होत नाही, पण रंग थोडे झोपाळू दिसतात. झालं. या विषयात याहून जास्त काही नाही. बाकीचं जे आहे ते गल्लीनं घातलं.

आणि थोडंसं मोतीराम साहेबांनी.

साहेब निवृत्त कृषी सहायक. पान पाहून रोग सांगणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव. कोणी पान समोर धरलं की साहेब ते सूर्याकडे धरत, एक डोळा मिटत आणि बोलत. 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी सबंध नोकरीत वापरले नाहीत. निदान चुकलंच, तर पीक चुकीचं होतं असं समजायची पद्धत होती. आता निवृत्तीनंतर लोक पान घेऊन येत नव्हते, फोटो काढून पाठवत होते. आणि पाठवत होते कोणाला, तर जिला साहेबांनी खांद्यावर बसवून पहिलं बोंड दाखवलं, तिला. याबद्दल साहेबांना अभिमान होता. अभिमानाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांनी सूर्याकडे धरून पाहिलं नव्हतं.

तज्ज्ञांचे सल्ले

शेजारच्या मनकर्णाबाई, कुंपणभिंतीवरून:

"ग्लॉसी नका घेऊ भाऊजी. आमच्या सागरच्या लग्नाचा आल्बम ग्लॉसी केला. जो येते तो बोट ठेवते. हे कोण, न ते कोण. आता नवरीच्या तोंडावर साऱ्या गावाचे ठसे हायेत. नवरी वळखू येत नाही."

"मनकर्णाबाई, लॅपटॉपवर बोट ठेवायचं नसतं."

"आल्बमवर तरी कुठी ठेवाचं असते?"

 

कुलदीप, बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान:

"काका, ग्लॉसी घ्या, वरून मॅटचा गार्ड चिपकवून देतो. दोन्ही होऊन जाईन."

"मंग मॅटच काऊन नाही घ्यावं बे?"

"मॅट घेतली तं मी गार्ड कायले चिपकवू?"

संपूर्ण चर्चेतला हा एकमेव प्रामाणिक सल्ला होता.

अन्नपूर्णाबाई, भांडी घासता घासता:

"चकचकीतच घ्या. चकचकीत भांड्यावर मळ दिसते, मंग माणूस घासते. तुमच्या त्या मॅटवर काही बसलं तं दिसन तरी का?"

"लॅपटॉप घासत नाहीत, अर्पिताची माय."

"मंग नवाच घेऊन कायले मळवता?"

अखेर साहेबांनी आपला निर्णय मारुतीच्या पारावर जाहीर केला. खिशातून सोयाबीनचं पान काढलं आणि किसनरावांच्या पुढं धरलं. "याच्यावर हात फिरव."

किसनरावांनी फिरवला.

"काय लागलं?"

"पान."

"लव लागली! बारीक लव! निसर्गानं सोयाबीन चकचकीत काऊन नाही केलं? दिवसभर उन्हात उभं राहायचं हाय म्हणून. सोयाबीनचं पान मॅट असते, किसन. मॅट!"

 मुद्दा बिनतोड होता. किसनराव थोडा वेळ चघळत राहिले आणि म्हणाले, "आन् केळीचं?"

"केळीचं ग्लॉसी," साहेब म्हणाले. "म्हणूनच ते फाटते."

प्रत्यक्ष पाहणी

चिखलीच्या दुकानात एसी होता, पांढरे दिवे होते आणि दोन्ही लॅपटॉप सारखेच दिसत होते.

"उन्हात नेऊन दाखवा," साहेब म्हणाले.

"साहेब, डेमो पीस दुकानाबाहेर जात नाही. पॉलिसी हाय."

"आम्ही बियाणं घेतो तं उगवण पाहूनच घेतो. दुकानात उगवण पाहतो का? मातीत पाहतो."

अर्पिता प्रिंटरच्या मागं जाऊन उभी राहिली. ती कंपनीच्या कामासाठी लॅपटॉप घ्यायला आली नसून प्रिंटरच घ्यायला आली आहे, अशी तिची मुद्रा होती.

दुकानदारानं वर फोन केला. वरच्यानं त्याच्या वरच्याला केला. शेवटी असं ठरलं, की साहेबांनी आपलं आधार कार्ड आणि अर्पितानं आपली पर्स काउंटरवर ठेवायची, आणि दुकानाच्या माणसानं दोन्ही लॅपटॉप दोन हातांवर धरून फूटपाथवर यायचं. तो आला. जत्रेत दोन पोरं कडेवर घेतलेल्या बापासारखा उभा राहिला. माणसं थांबली. एकानं विचारलं, फुकट वाटून राह्यले का? बकरी घेऊन चाललेला एक गृहस्थ दोन्हीकडं बघून म्हणाला, "डाव्या हातचं घ्या."

"काऊन?"

"मले एका डोळ्यानं कमी दिसते. तरी डावं दिसून राह्यलं."

डावा मॅट होता. पण साहेबांचा निर्णय बकरीवाल्यानं घेतला असं कोणी म्हणू नये. साहेब उजव्यासमोर, म्हणजे ग्लॉसीसमोर, वाकले. स्क्रीनवर सोयाबीनच्या पानाचा फोटो होता म्हणे. साहेबांना पान दिसलं नाही. त्यांना एक म्हातारा दिसला. मानेचं कातडं सैल, कानावर पांढरे केस, आणि चेहरा असा, की कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून वाट बघत बसलेला.

"हा कोण मागं उभा हाय?" साहेबांनी वळून पाहिलं.

मागं कोणी नव्हतं.

साहेब मॅटसमोर वाकले. तिथं कोणीही म्हातारा नव्हता. तिथं पान होतं.

"मॅट," साहेब म्हणाले. "डोळ्यांना बरी असते."

प्रादुर्भाव

घरी येताच साहेब खोका टेबलावर ठेवून पारावर गेले, कारण निर्णय घेणं वेगळं आणि तो घेतला गेल्याचं गावाला कळणं वेगळं. अर्पिता हातपाय धुवायला गेली.

अन्नपूर्णाबाईंनी तबक घेतलं.

यात त्यांची चूक होती असं म्हणायला जीभ रेटत नाही. घरात मोटरसायकल आली, पूजा झाली. मिक्सर आला, पूजा झाली. विहिरीवरची मोटर जळून पुन्हा वाइंडिंग भरून आली, तेव्हाही तिला हळदकुंकू लागलं. मग पोरीच्या पोटापाण्याचं यंत्र कोरडं कसं ठेवायचं? त्यांनी लॅपटॉप खोक्यातून काढला. मिटलेला होता. त्यांनी विचार केला आणि तो विचार शास्त्राला धरूनच होता: देवाला गंध कपाळाला लावतात, पाठीला नाही. म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला. समोर काळं, रुंद, कोरं कपाळ होतं. त्यांनी ओल्या हळदीनं ठसठशीत स्वस्तिक काढलं, त्यात चार ठिपके दिले, वर कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. अक्षता कळफलकात गेल्या. त्यातला एक तांदूळ अजून 'एंटर'च्या खाली आहे.

अर्पिता आली आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून मनकर्णाबाई कुंपणाशी आल्या.

कुंकू पुसलं गेलं. अक्षता, एक सोडून, निघाल्या. हळद निघाली नाही. चकचकीत काचेवरून ती एका फडक्यानं गेली असती. मॅट स्क्रीनच्या अंगाला बारीक लव असते, साहेबांनी पारावर सांगितलं तशी, आणि हळद त्या लवेत जाऊन बसली. ओल्या फडक्यानं पुसलं तशी ती पसरली. लॅपटॉप बंद असला की काहीच दिसत नसे. चालू केला की बरोबर मधोमध एक फिकट पिवळा ढग आणि त्यात चार गडद ठिपके.

कुलदीपला बोलावलं. त्यानं पाहिलं, नखानं खरवडायला गेला आणि थांबला. "घासलं तं मॅट निघून जाईन, ताई. मंग मधात ग्लॉसी आन् बाजूनं मॅट." आणि हळूच: "गार्ड चिपकवला असता तं..."

हेल्पलाइन

पानी गिरा हो तो एक दबाएँ। उपकरण गिरा हो तो दो दबाएँ। जल गया हो तो तीन दबाएँ।

अर्पितानं नऊ दाबलं.

"नमस्कार, बताइए, क्या हुआ है?"

"स्क्रीन पर दाग है। हल्दी लगी है।"

"किसको?"

"लैपटॉप को।"

(पलीकडून कळा दाबल्याचा आवाज.)

"मैडम, सिस्टम हल्दी नहीं ले रहा। लिक्विड था कि सॉलिड?"

"गीली थी। लेकिन सूखी से बनी थी।"

"लिक्विड में वारंटी नहीं है।"

"तो सॉलिड।"

"सॉलिड में लिखना पड़ेगा कि कहाँ से गिरा।"

अर्पितानं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "म्हण की वरून. देवाकडून."

फोन ठेवला गेला. कोणत्या बाजूनं, हे सांगता येत नाही.

लक्षणे झाकणे

"तुह्या बाबाले सांगू नको," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"पण आई..."

"साऱ्या गावात मॅट-मॅट करून आले ते. पान घेऊन गेलते पारावर. त्याइले कसं वाटन?"

अर्पितानं विचार केला. बाबांना सांगितलं तर बाबा चिखलीला जातील, दुकानदाराला सोयाबीनचं पान दाखवतील आणि तिला पुन्हा प्रिंटरमागं उभं राहावं लागेल. तिनं एक युक्ती काढली. फोटो आला की तो छोटा करायचा आणि स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात सरकवून पाहायचा. तिथं स्क्रीन निर्मळ होती. काम झकास चालू झालं. मध्यभाग सोवळ्यात ठेवल्यासारखा मोकळा राहू लागला. पुण्याच्या प्रेरणा मॅडम, म्हणजे तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या, तिच्यावर खूश होत्या.

म्हणजे एका माणसाचा मान राहावा म्हणून दोन बायका गप्प राहिल्या. या जगात माणसाच्या मानाचं जे काही नुकसान होतं, त्यातलं बरंचसं असंच होतं.

प्रसार

श्रावणातली एक सकाळ. पाऊस उघडलेला, ऊन कडक. अर्पिता जेवायला खाली आली होती. साहेब छपराचं टिन गळतं का बघायला वर गेले. टेबलावर लॅपटॉप. साहेबांनी धूळ बसू नये म्हणून त्याला नुसता हात लावला. स्क्रीन जागी झाली. डाव्या कोपऱ्यात टिचभर फोटो होता. एवढासा फोटो कोण पाहतं? साहेबांनी दोनदा टिचकी मारली आणि फोटो पडदाभर झाला.

सोयाबीनचं पान. आणि पानाच्या मधोमध पिवळा चट्टा, त्यात ठिपके.

साहेबांनी एक डोळा मिटला.

बाण दाबला. दुसरं पान. पिवळा चट्टा. तिसरं. पिवळा चट्टा. खाली गावांची नावं येत होती. अमडापूर. डोणगाव. देऊळगाव राजा. सगळीकडं तोच चट्टा, अगदी त्याच जागी, पानाच्या छातीवर. पिवळा मोझॅक! पांढऱ्या माशीनं पसरणारा, एकदा पसरला की वावर घेऊन जाणारा रोग. आणि एका तालुक्यात नव्हे, जिल्हाभर! साहेबांच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर त्या काट्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचा कणा सरळ झाला.

लेकीला विचारायला जिना उतरायचा होता. गच्चीच्या कठड्याशी जायला दोन ढांगा पुरत होत्या. साहेब कठड्याशी गेले.

"किसन! ए किसन! तुह्या वावरात पिवळा मोझॅक आला!"

किसनराव खाली म्हैस धूत होते. "माह्या? म्या तं सकाळी पाह्यलं. हिरवंगार हाय."

"तुले नाही दिसत ते. सुरुवात हाय. जिल्हाभर आला!"

मनकर्णाबाईंनी ऐकलं. त्यांच्या सागरनं मोबाईलवर टाकलं: 'कृषी साहेब मोतीराम यांचा इशारा.' पुढं पाठवणाऱ्यांनी 'साहेब'चं 'मोठे साहेब' केलं. त्याच्या पुढच्यांनी गावांची संख्या वाढवली, कारण रिकाम्या हातानं पुढं पाठवायला कोणालाच आवडत नाही. अर्पिताचं जेवण होईपर्यंत औषधाच्या दुकानासमोर रांग लागली होती. पिवळे चिकट सापळे संपले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी पिवळ्या पिशव्यांना एरंडेल फासलं. पांढरी माशी सोडून बाकी सगळं त्यांना चिकटलं, मनकर्णाबाईंची कोंबडी धरून.

किसनरावांनी पाठीवर पंप घेतला. मोतीरामनं सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. म्हैस अर्धी ओली राहिली.

पाहणी समितीचा दौरा

दुपारी तालुक्याहून साहेब आले. हे नोकरीतले साहेब. जीपमधून उतरून ते किसनरावांच्या वावरात शिरले, या टोकाचे त्या टोकाला निघाले. एकही पिवळं पान नाही.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

वावरातल्या सगळ्या माना मोतीराम साहेबांच्या गच्चीकडं वळल्या.

जिना अरुंद. पुढं मोतीराम साहेब, मागं तालुक्याचे साहेब, मग किसनराव, मग मनकर्णाबाई कोंबडीसह, मग बाकीचं गाव. अर्पिता वाट अडवून उभी राहिली.

"बाबा, आधी माझं ऐका."

"थांब."

"बाबा, स्क्रीनला..."

"अर्पिता, थांब म्हटलं ना. साहेबांले पुरावा पाह्यजे. पुरावा दाखवू दे."

अन्नपूर्णाबाई टाकीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

मोतीराम साहेबांनी फोटो उघडला. पडदाभर केला. बाजूला झाले.

तालुक्याच्या साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "अरे," ते म्हणाले. "हे तर अगदी पुस्तकातलं आहे."

गर्दीतून एक हुंकार गेला. मोतीराम साहेबांनी किसनरावांकडं पाहिलं. आयुष्यातला एवढा सुंदर क्षण त्यांना याआधी आला नव्हता आणि तो जरा लांबावा, असं त्यांना वाटलं. म्हणून ते म्हणाले, "थांबा, देठाकडचा भाग दाखवतो." आणि त्यांनी कळफलकाखालच्या पट्टीवर बोट फिरवून फोटो बाजूला ओढला.

पान सरकलं.

रोग जागेवरच राहिला.

साहेबांनी पान दुसरीकडं ओढलं. पान गेलं. रोग गेला नाही. त्यांनी पान वर नेलं, खाली आणलं, गोल फिरवलं. पान बिचारं सगळीकडं जाऊन आलं. पिवळा चट्टा मध्ये ठाण मांडून बसला होता. शेवटी त्यांनी फोटो बंद केला. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर, कोणत्याही पानाशिवाय, पिवळा मोझॅक एकटाच उभा होता. आणि एवढ्या पांढऱ्यावर त्याचा आकारही कळत होता.

"आवो," मनकर्णाबाई म्हणाल्या, "हे तं स्वस्तिक हाय!"

"मोतीराम," किसनराव म्हणाले. त्यांच्या पाठीवर अजून पंप होता. "लॅपटॉपलेच मोझॅक झाला बे."

गच्ची हसली. जिना हसला. जिन्याच्या खाली ज्यांना काहीच दिसलं नव्हतं तेही हसले. टाकीमागून अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. "मी पूजा केली होती," त्या म्हणाल्या. "कपाळाले लावलं."

त्याच वेळी लॅपटॉप वाजायला लागला. प्रेरणा मॅडम. तो इशारा फिरत फिरत पुण्याला पोचला होता. अर्पितानं तो व्हिडिओ कॉल घेतला.

"अर्पिता, शेतकऱ्यांच्या फोटोंची माहिती बाहेर कशी गेली? आणि मोझॅक कोणी सांगितला? तू सांगितलास?"

अर्पितानं तोंड उघडलं. मोतीराम साहेब तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये येऊन बसले.

आता त्यांच्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बायकोनं हळद लावली. लेकीनं लपवलं. कंपनीनं लॅपटॉप दिला नाही. तालुक्याच्या साहेबांनाही तसंच दिसलं, विचारा. साहेब सरकारी नोकरीत होते, अशा वाक्यांचा त्यांना सराव होता. ते स्क्रीनकडं बघत राहिले. मॅडमच्या गालावर पिवळा चट्टा होता, हे त्यांनी सांगितलं नाही.

"मॅडम, पोरीचं काही नाही. ती जेवाले बसली होती. डोळे माहे, तोंडबी माहंच. दोन्ही इथून आता बंद."

पलीकडं मॅडम कॅमेऱ्याजवळ वाकल्या.

"काका, तुम्ही कोण?"

"मी तिचा बाप," साहेब म्हणाले. "निवृत्त."

उपाययोजना

अट एकच पडली. कामाच्या वेळात गच्चीवर दुसरं कोणी नको. 'दुसरं कोणी' म्हणजे कोण, हे मॅडमनी सांगितलं नाही, पण गावाला कळलं. मोतीराम साहेबांनी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकली आणि तिथं बसू लागले. वर कोणी जाऊ लागलं की म्हणत, "काम चालू हाय." पहिले काही दिवस लोक मुद्दाम वर जायला निघत, साहेबांनी अडवावं म्हणून. किसनराव रोज एकदा विचारत, "मोझॅक कसा हाय? जेवते का बराबर?" साहेब पेपर वाचत. एकच पान पुष्कळ वेळ वाचत.

नोकरी दिवाळीत पक्की झाली. डोणगावच्या स्थळानं दुसरीकडं पोहे खाल्ले. पण ही गोष्ट तिथं संपत नाही, ती त्याच्या आधी संपली, पोळ्याच्या तोंडावर.

त्या दिवशी किसनराव आले आणि खुर्चीशेजारी पायरीवर बसले. मोझॅकची चौकशी केली नाही. त्यांनी टोपी काढली. टोपीत एक पान होतं.

"काही नाही. आसंच आणलं."

साहेबांनी पान घेतलं. सूर्याकडं धरलं. एक डोळा मिटला. शिरांच्या मधून पिवळं होतं. त्यांनी पान हळूच डावीकडं सरकवलं. पिवळं पानाबरोबर गेलं. उजवीकडं सरकवलं. पिवळं बरोबर आलं. किसनराव बघत होते. त्यांना हसू येत नव्हतं. ते उठले, साहेबांच्या हातातून पान घेतलं, नळाखाली धरलं आणि अंगठ्यानं घासलं. पुन्हा घासलं. पानाचं फाटायचं तेवढं फाटलं.

"हळद नाही बे," किसनराव म्हणाले.

साहेबांना सबंध नोकरीत इतकं पक्कं निदान कधी झालं नव्हतं. आणि ते चुकावं असंही कधी वाटलं नव्हतं.

"काय हाय मोतीराम?"

"मले माहीत नाही," साहेब म्हणाले. मग जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "अर्पिता, खाली ये व माय. एक पान आलं हाय."

अर्पिता उतरली. तिनं पान पालथं केलं, सुलटं केलं. "काका, किती झाडं आहेत अशी?"

"नाल्याकडच्या कोपऱ्यात. थोडीशीच."

"आजच्या आज मुळासकट उपटून टाका. बाकीचं वावर वाचेल. उद्यावर नका ठेवू."

किसनरावांनी मान डोलावली आणि सवयीनं मोतीराम साहेबांकडं पाहिलं. "हाव का बे?"

"मॅडम सांगून राह्यल्या ना," साहेब म्हणाले. त्यांनी पेपराची घडी घातली, खुर्ची भिंतीला टेकवली आणि पायात चपला सरकवल्या. "चाल, मी येतो. तू दाखव कोणतं, मी उपटतो. उपटाले काही डोळे लागत नाहीत."